असईचा हत्ती आणि सेंट व्हॅलेरीचा नाच

#धागा #इतिहास #जालना

१/
स्कॉटलंडमधील एखाद्या गावचे समाजकेंद्र डोळ्यांपुढे आणावे. एका बाजूला पोहण्याचा तलाव, दुसऱ्या बाजूला व्यायामशाळा आणि मध्ये लाकडी फरशीचे मोठे सभागृह. फरशीवर बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या. आठवड्यातील एका ठरलेल्या संध्याकाळी तेथे स्त्री-पुरुष समोरासमोर दोन ओळींत उभे राहतात, ॲकॉर्डियन आणि फिडल वाजू लागते आणि ‘कंट्री डान्स’ सुरू होतो. या नाचांपैकी एखाद्याचे नाव चक्क त्या समाजकेंद्रावरूनच ठेवलेले असते.

२/
हे ऐकून मराठी वाचकाला हसू येईल. लढाईवरून, नदीवरून, राजावरून नाचाला नाव दिले तर समजते; व्यायामशाळा आणि पोहण्याचा तलाव असलेल्या इमारतीवरून कोण नाव देईल? परंतु स्कॉटिश कंट्री डान्सची रीतच तशी आहे. नवा नाच बसवणारा त्याला आपल्या जवळचे नाव देतो. निवृत्त होणारे डॉक्टर, लग्न ठरलेली जोडी, गावचा पूल, शाळा, सभागृह, काहीही चालते. पुढे प्रसंग विसरला जातो, माणसे जातात; नाच मात्र शिकवला जात राहतो आणि त्याच्याबरोबर ते नावही.

३/
या नाचाचा इतिहास थोडक्यात असा. १६५१ मध्ये लंडनच्या जॉन प्लेफर्डने कंट्री डान्सचे पुस्तक छापले. अठराव्या शतकात हे नाच स्कॉटलंडच्या नृत्यसभांत रुळले आणि तेथील रील व स्ट्रॅथस्पे या चालींशी एकजीव झाले. पहिल्या महायुद्धानंतर ते मागे पडू लागले, तेव्हा जीन मिलिगन आणि इझोबेल स्ट्युअर्ट या दोघींनी पुढाकार घेऊन २६ नोव्हेंबर १९२३ रोजी ग्लासगो येथे एक संस्था स्थापन केली. जुने नाच गोळा करणे, तपासणे आणि छापणे हे तिचे काम. १९५१ मध्ये तिच्या नावामागे ‘रॉयल’ हे बिरुद लागले.

४/
फरशीवरच्या त्या बॅडमिंटनच्या रेषांकडेही जाता जाता पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ पुण्याच्या इंग्रज छावणीत खेळला जाई आणि त्याला ‘पूना’ असेच म्हणत. पुढे इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरमधील ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या ‘बॅडमिंटन हाउस’ या वाड्यावरून त्याला आजचे नाव मिळाले. एका शहराचे नाव पुसले गेले आणि एका इमारतीचे नाव जगभर गेले. नावे अशीच टिकतात: ज्याच्या दिवाणखान्यात वही असते, त्याचे नाव नोंदले जाते.

५/
आता मुख्य विषय. अशा सभागृहांत आवर्जून नाचला जाणारा एक प्रसिद्ध नाच आहे: ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’, म्हणजे ५१ व्या डिव्हिजनचे रील. त्याच्या नावाचा माग काढत गेले, की वाट जर्मनीतील युद्धकैद्यांच्या छावणीतून फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर जाते; आणि तेथील एका पलटणीची वंशावळ उलगडली, की थेट जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या परिसरातील असई या गावी येऊन थांबते.

६/
वर्ष १८०३. आदल्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पेशवाई इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या आश्रयाला गेली. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांना हे मानवणारे नव्हते. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. आर्थर वेलस्ली या चौतिसाव्या वर्षातील सेनापतीने अहमदनगरचा किल्ला घेतला. पुढे वॉटर्लू येथे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

७/
अजिंठ्याचा घाट ओलांडून शिंदे आणि भोसले यांच्या फौजा मराठवाड्यात उतरल्या. निजामाच्या मुलखाच्या रक्षणासाठी असलेला कर्नल स्टीव्हन्सन याने २ सप्टेंबर रोजी जालना घेतले. २१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची भेट बदनापूर येथे झाली. दोघांनी डोंगरांच्या दोन बाजूंनी निघून २४ तारखेला भोकरदनच्या आसपास एकत्र हल्ला करावा, असे ठरले. आज एसटीने तासा-दोन तासांत होणारा हा प्रवास. त्या वेळी त्यावर हिंदुस्थानच्या सत्तेचा डाव लागला होता.

८/
ठरल्याप्रमाणे घडले नाही. २३ सप्टेंबरच्या सकाळी वेलस्लीला कळले, की शत्रू अंदाजापेक्षा बराच जवळ आहे. समोर केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात शिंदे-भोसल्यांचा तळ पसरला होता. चाळीस हजारांच्या आसपास घोडदळ, दहा हजारांहून अधिक कवायती पायदळ, त्याखेरीज इतर पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीजवळ लढाईत उतरवण्याजोगी कवायती फौज सात हजारांच्या आतबाहेर होती. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने हल्ल्याचा निर्णय घेतला.

९/
नदी ओलांडायची कोठे, हा पहिला प्रश्न. वाटाड्यांनी सांगितले, की जवळपास उतार नाही. वेलस्लीला दुर्बिणीतून नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली: पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळची गावे एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय केल्याशिवाय राहणार नाहीत, हा त्याचा तर्क. तो खरा ठरला. तेथे उतार होता. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाजाराला, सोयरिकीला, गुरे हाकायला तुडवलेल्या वाटेवरून इंग्रज फौज पार झाली.

१०/
शिंद्यांचे कवायती पायदळ अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या सेनानीच्या हाताखाली होते. बेगम समरूच्या सरधन्याच्या पलटणीही त्यात होत्या. शत्रू बगलेवर येतो आहे, हे दिसताच या पायदळाने आपली सारी रांग काटकोनात फिरवून नव्या दिशेला तोंड केले. हजारो माणसे आणि तोफा अशा फिरवणे हे युरोपातील उत्तम पलटणींनाही अवघड काम. वेलस्लीला याची अपेक्षा नव्हती. ‘मराठ्यांची विस्कळीत फौज’ ही जी प्रतिमा शालेय पुस्तकांतून मनात बसते, तिला असईच्या मैदानावर आधार सापडत नाही.

११/
इंग्रजांच्या रांगेत दोन स्कॉटिश पलटणी होत्या: ७४ वी आणि ७८ वी हायलँडर्स. डाव्या टोकाला, नदीलगत ७८ वी. उजव्या बाजूला ७४ वी. मध्ये मद्रास इलाख्याच्या देशी पलटणी. संख्येने पाहिले तर असईला इंग्रजांकडून लढलेल्या पायदळात बहुसंख्य माणसे दक्षिण भारतातीलच होती. पायदळ सरळ तोफांच्या तोंडावर चालत गेले. साखळ्या आणि छर्रे भरलेल्या तोफा अगदी जवळून डागल्या जात होत्या.

१२/
उजव्या बाजूला चूक झाली. कर्नल ऑरॉक आपल्या तुकडीसह वाट चुकून सरळ असई गावाकडे गेला. गावात पायदळ आणि तोफा दडलेल्या होत्या. त्याच्या मागोमाग ७४ वी पलटणही त्या माऱ्यात सापडली. सुमारे ५०० पैकी सुमारे ४०० माणसे मेली किंवा जखमी झाली. उरलेल्यांनी चौकोन केला आणि मृतदेहांच्या आडोशाने तग धरला. १९ व्या लाइट ड्रॅगून्सचे घोडदळ वेळेवर आले नसते, तर ७४ वी तेथेच संपली असती. क्वार्टरमास्टर सोडून पलटणीचा हजर असलेला प्रत्येक अधिकारी मृत किंवा जखमी झाला होता.

१३/
दुसऱ्या बाजूच्या गोलंदाजांचे काय? इंग्रज लेखकांनीच नोंदले आहे, की पायदळाची रांग मोडली तरी शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. त्यांना तोफांपाशीच संगिनीने मारावे लागले. काही जण मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिले; इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठले, तोफा उलट फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा जिंकण्यासाठी ७८ व्या पलटणीला मागे फिरावे लागले. असईवरील सगळ्यांत धैर्याची नोंद ही असावी, आणि ती ज्यांच्याविषयी आहे त्यांपैकी एकाचेही नाव तीत नाही.

१४/
संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांच्या हाती आले. ९८ तोफा त्यांनी घेतल्या. इंग्रजांकडचे मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. घोडदळाचा प्रमुख कर्नल मॅक्सवेल ठार झाला. वेलस्लीच्या अंगाखालचे घोडे पडले. मराठ्यांकडील मृत आणि जखमी इंग्रजांच्या अंदाजाने सुमारे ६,०००. इतक्या लहान फौजेच्या मानाने इतकी रक्तबंबाळ लढाई आपण पाहिली नाही, असे वेलस्ली पुढे सांगत असे. आयुष्यात रणांगणावर केलेले सर्वांत चांगले काम कोणते, असे उतारवयात विचारले असता त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, ही आठवण प्रसिद्ध आहे.

१५/
यानंतर सुरू होते ती लढाईनंतरची लढाई: स्मरणाची. ७४ वी, ७८ वी आणि १९ वी ड्रॅगून्स या तिन्ही पलटणींना ईस्ट इंडिया कंपनीने सन्माननिशाण दिले. चिन्हात हत्ती आणि त्याबरोबर ‘असई’ हे नाव. एरवी इंग्रज पायदळाच्या पलटणीला दोन निशाणे असतात. ७४ वीला तिसरे मिळाले. १८८१ मध्ये ही पलटण हायलँड लाइट इन्फन्ट्रीत गेली, १९५९ मध्ये रॉयल हायलँड फ्युझिलियर्समध्ये आणि २००६ मध्ये रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंडमध्ये. नावे बदलत गेली. २३ सप्टेंबरचा ‘असई दिन’ आणि ते तिसरे निशाण तेवढे राहिले.

१६/
नाव आणखी कोठे कोठे गेले, ते पाहावे. इंग्लंडमध्ये टिडवर्थ येथील लष्करी बराकींना हिंदुस्थानातील लढायांची नावे दिली गेली: अलिवाल, भरतपूर, कंदाहार, दिल्ली, जलालाबाद, लखनौ, मुलतान, आणि त्यांत असई. विल्टशायरच्या माळावर राहणाऱ्या इंग्रज शिपायाच्या पत्त्यात जालना जिल्ह्यातील एका खेड्याचे नाव येई. पत्र टाकणाऱ्या त्याच्या आईला ते गाव कोठे आहे, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

१७/
याहून चमत्कारिक प्रवास भारतातच झाला. असईवर लढलेल्या मद्रासी पलटणींनाही हत्ती मिळाला. आजच्या भारतीय सैन्यातील मद्रास रेजिमेंटच्या चिन्हात ढाल, दोन तलवारी आणि हत्ती आहे. तो असईचाच हत्ती. या रेजिमेंटचे केंद्र निलगिरीत, वेलिंग्टन येथे. म्हणजे गावाचे नाव सेनापतीवरून आणि टोपीवरचा हत्ती त्याच्या लढाईवरून. भारतीय सत्तांविरुद्ध मिळवलेले इंग्रजी काळातील रणसन्मान मिरवू नयेत, असे स्वतंत्र भारताच्या सैन्याचे धोरण आहे. लढाईचे नाव मागे सारले गेले, हत्ती मात्र राहिला. आज तो भारताच्या सीमेवर पहारा देणाऱ्या जवानाचा आहे, आणि यात कोणाला विसंगती वाटू नये.

१८/
दुसरी स्कॉटिश पलटण, ७८ वी. १८८१ मध्ये ती सीफोर्थ हायलँडर्सची दुसरी पलटण झाली. रेजिमेंटच्या चिन्हांत हरणाबरोबर ‘असई’चा हत्ती आला. १९४० मध्ये हीच दुसरी सीफोर्थ पलटण फ्रान्समध्ये होती, ५१ व्या हायलँड डिव्हिजनमध्ये.

१९/
४ जून १९४० पर्यंत डंकर्कहून इंग्रज सैन्य मायदेशी परतले. ५१ वी डिव्हिजन त्यांच्यात नव्हती. ती फ्रेंच सैन्याबरोबर दक्षिणेकडे लढत होती. मागे सरकत ती नॉर्मंडीतील सेंट व्हॅलेरी या लहानशा बंदरात अडकली. धुके, वरच्या कड्यांवर जर्मन तोफा, जहाजे येऊ शकत नव्हती. १२ जूनला मेजर जनरल व्हिक्टर फॉर्च्युन यांनी रोमेलपुढे शरणागती पत्करली. दहा हजारांहून अधिक माणसे कैद झाली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गावेच्या गावे त्या दिवशी एकदम सुन्न झाली; डंकर्कच्या जल्लोषात त्यांच्या दुःखाला जागा नव्हती.

२०/
कैद झालेल्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांना बव्हेरियातील लाउफेन येथील छावणीत ठेवले. तेथे अन्न अपुरे, थंडी कडक आणि वेळ संपता संपत नसे. अधिकारी वर्तुळ करून नाच करू लागले. आर्गाइल पलटणीचे लेफ्टनंट जिमी ॲटकिन्सन यांच्या मनात एक नवा नाच आकार घेऊ लागला. पर्थ येथील नृत्यसंस्थेचे जाणकार लेफ्टनंट कर्नल टॉम हॅरिस हंटर आणि सीफोर्थ पलटणीचे लेफ्टनंट पीटर ऑलिव्हर यांनी त्याला मदत केली. ज्या रेजिमेंटच्या चिन्हात असईचा हत्ती, तिचा एक अधिकारी असा या नाचाच्या जन्माला हजर होता.

२१/
नाचाची कल्पना साधी आणि नेमकी. एका टप्प्यावर नाचणारे हातात हात घेऊन एका तिरक्या रेषेत उभे राहतात. मग दुसऱ्या तिरक्या रेषेत. दोन्ही रेषा मिळून फुलीचा आकार होतो. तो सेंट अँड्र्यूचा क्रॉस, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचे चिन्ह. कैद्यांजवळ झेंडा नव्हता, निशाण नव्हते, शस्त्र नव्हते. त्यांनी आपल्या शरीरांनीच झेंडा काढला आणि पहारेकऱ्यांच्या देखत काढला.

२२/
पुढे वारबुर्गच्या छावणीत १९४१ मध्ये हा नाच फॉर्च्युन यांच्या समोर झाला. नाचाचे वर्णन मायदेशी पाठवले तेव्हा ती गुप्त लिपी असावी, अशा संशयाने जर्मनांनी कागद अडवले, अशी कथा सांगितली जाते. सेंट व्हॅलेरीचे रील असेही त्याला म्हणत. महायुद्ध संपताना, १९४५ च्या सुमारास, तो संस्थेच्या ‘व्हिक्टरी बुक’ या पुस्तकात छापला गेला आणि छावणीतून सुटून गावोगावच्या सभागृहांत आला. आज समाजकेंद्रात तो नाचणारी मुलगी हातात हात घेते, तिरकी रेषा धरते आणि बहुधा तिला माहीत असते, की ही रेषा कोणी, कोठे काढली होती.

२३/
येथे थोडे थांबले पाहिजे. विजयाच्या स्मरणासाठी त्या लोकांनी निशाणे, हत्ती, मेजवान्या आणि बराकींची नावे केली. पराभवाच्या स्मरणासाठी नाच केला. सेंट व्हॅलेरी ही शरणागती होती. तिचे पदक कोण देणार? पदक मिळाले नाही म्हणूनच त्यांना स्वतः काहीतरी करावे लागले, आणि जे केले ते निशाणांपेक्षा अधिक लोकांपर्यंत पोचले. निशाण संग्रहालयात जाते. नाचाला दर आठवड्याला नवी माणसे लागतात.

२४/
मग असईच्या आपल्या बाजूचे काय? मराठीला पराभव आठवत नाही, असे मुळीच नाही. पानिपताने तर भाषेतच घर केले आहे. परीक्षेत नापास झालेला मुलगाही ‘पानिपत झाले’ म्हणतो. ‘संक्रांत कोसळणे’ म्हणताना १४ जानेवारी १७६१ ची सावली पडतेच. हरलेल्या लढाईला एखाद्या भाषेने दिलेला इतका मोठा मान क्वचितच सापडेल. १७९५ च्या खर्ड्याच्या विजयावर पोवाडे झाले. असईवर मात्र ना म्हण, ना वाक्प्रचार, ना गाजलेला पोवाडा. यामागची कारणे शोधण्यासारखी आहेत.

२५/
पहिले कारण आश्रयदात्याचे. शाहिराला दरबार लागतो आणि पुण्याचा दरबार असईच्या वेळी इंग्रजांचा मित्र होता. पेशव्यांचे घोडदळ बापू गोखले यांच्या हाताखाली वेलस्लीच्याच छावणीत होते. तेच बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला इंग्रजांशी लढताना धारातीर्थी पडले. असईचा पोवाडा पुण्यात गायचा, तर नायक कोणाला करायचे आणि खलनायक कोणाला? डफावर थाप पडण्याआधीच शाहीर अडखळला असता.

२६/
दुसरे कारण माणसांचे. पानिपतावर महाराष्ट्रातील घराघरातला कोणीतरी गेला होता. घरात बांगडी फुटली म्हणून गावात आठवण राहिली. असईला तोफांपाशी मेलेले कवायती पायदळ आणि गोलंदाज यांत मोठा भरणा उत्तर हिंदुस्थानातील होता, अवध आणि दोआबातील. त्यांच्या आया-बायका सातशे-आठशे मैलांवर होत्या. असईच्या शेतकऱ्याने प्रेते पाहिली असतील, कदाचित मूठमातीही दिली असेल. पण ती त्याच्या भावकीची नव्हती. आणि शिंदे-भोसले स्वतः घोडदळासह मैदान सोडून गेल्यामुळे गाण्याला सरदारही उरला नाही.

२७/
तिसरे कारण मुलखाचे. ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला. त्यात जालना होते. तो निजामाकडे गेला. निजाम इंग्रजांचा दोस्त. म्हणजे असईच्या शिवारावर त्यानंतर १९४८ पर्यंत जे राज्य होते, त्याला त्या लढाईतील पराभूतांची आठवण जागवण्याचे काहीच कारण नव्हते. एक गाव, एक दिवस, आणि तीन दरबार. तिघांनाही गप्प राहणेच सोयीचे.

२८/
चौथी गोष्ट कारणापेक्षा निरीक्षणाची आहे. आपल्याकडे नाच आहेत, फेर आहेत, त्यांना नावेही आहेत; पण ती कोठून येतात? मंगळागौरीच्या खेळांतील नावे पाहावीत: लाट्या, कीस, गाठोडे, कोंबडा, साळुंकी. स्वयंपाकघर, परसदार, झाडावरचे पाखरू. बायकांनी आपले जग नाचात नेमके नोंदवले आहे. परंतु हा फेर कोणत्या अंगणात, कोणत्या वर्षी, कोणी पहिल्यांदा धरला, हे नावात येत नाही. ओटीला, अंगणाला, पाराला कोणी नाव दिले नाही, म्हणून ते नाचालाही मिळाले नाही. आपला नाच सगळ्यांचा होतो आणि करणारी मात्र हरवते.

२९/
आता समाजकेंद्रावरून ठेवलेल्या त्या नाचाचे हसू येत नाही. आपण दर मंगळवारी कोठे भेटत होतो, एवढीच त्या नावाची नोंद आहे. इतिहासाच्या दृष्टीने ती लहान नाही. राजवाड्याचे नाव टिकवायला राजा असतो. गावच्या सभागृहाचे नाव टिकवायला तेथे येणाऱ्या माणसांखेरीज कोणी नसते. जालना जिल्ह्यातही अशी सभागृहे आहेत: समाजमंदिरे, तालमी, शाळांची पटांगणे, जेथे स्नेहसंमेलनात लेझमीचे डाव बसवले जातात. कोणता डाव कोणी बसवला, हे त्या मुलांना दहा वर्षे आठवते, नंतर नाही.

३०/
असईला लढाईचा नाच हवा, असे या धाग्याचे म्हणणे नाही. स्मरण मागून मिळत नाही आणि वरून लादता येत नाही. लाउफेनच्या कैद्यांना कोणी आदेश दिला नव्हता. पण असईचे स्मरण करताना एक हिशेब नीट मांडला पाहिजे. तेथे मेलेला स्कॉटिश शिपाई, मद्रासी शिपाई आणि अवधचा गोलंदाज या तिघांपैकी पहिल्याला निशाण मिळाले, दुसऱ्याला हत्ती मिळाला आणि तिसऱ्याला काहीच मिळाले नाही. जो तोफ सोडून हलला नाही, तोच नोंदीतून गळला. त्याचे नाव आता सापडणे कठीण; त्याने केलेली गोष्ट मात्र ठाऊक आहे, आणि ती सांगता येते.

३१/
पावसाळा सरताना केळणा आणि जुई भरून वाहतात, दोन्हींच्या मध्ये कपाशी आणि सोयाबीन उभे असते. पिंपळगाव आणि वरूड यांच्यामधली वाट दोन गावांनी वापरायला केली होती. इतिहासाने ती एका दुपारीपुरती उसनी घेतली. २३ सप्टेंबरला त्या बाजूने जाणे झाले, तर वेलस्लीच्या चातुर्याबरोबर त्या वाटेचीही आठवण काढावी आणि परत फिरून उठलेल्या त्या गोलंदाजांचीही.

३२/
आणि घरी एक काम करावे. आजीला, मावशीला, तालमीतल्या वस्तादांना विचारावे: हा फेर, हा डाव तुम्ही कोठे शिकलात? कोणी शिकवला? तो पार, तो वाडा, ती शाळा आज आहे का? जे सांगतील ते गावाच्या आणि सालाच्या नोंदीसह वहीत उतरवून ठेवावे. स्कॉटलंडमधल्या दोन बायकांनी १९२३ मध्ये याहून वेगळे काही केले नव्हते.

(धागा समाप्त)